स्वच्छ छातीचं घराणं

बाळ येशूची प्रार्थना यंदा थोरल्या बाईने, दोन्या एदुविहेसने, मुद्दाम रविवारी ठेवली. नाताळात मांडलेला देखावा फेब्रुवारी उजाडायच्या आत उतरवायचा, आणि उतरवण्याआधी सगळ्या गोताने त्याच्यासमोर बसून जपमाळ म्हणायची, ही रीत एल रोब्लेच्या डोंगरावर घरोघरी होती. फरक एवढाच, की इतरांकडे न आलेल्या नातेवाइकाला केळीच्या पानात उकडलेल्या तमालचा वाटा मिळत नसे आणि एदुविहेसकडे न आलेल्याला वर्षभर तोंड दाखवायची सोय राहत नसे. म्हणून सगळे आले होते. तिची सून नोएमीही आली होती. खिरीचं पातेलं मांडीवर धरून, नवऱ्याच्या शेजारी बसमध्ये बसून.

आज तादेओचा निकाल लागायचा होता.

तादेओ तिचा नातू, लेकीचा मुलगा, पाच वर्षांचा. बाप न्यू जर्सीला छपरं घालायला गेला तो तिकडचाच झाला. आई यॉर्लेनी एरेदियाच्या कारखान्यात पाळ्यांवर, त्यामुळे पोर दुसऱ्या कुणीतरी सांभाळायचं हे ओघानेच आलं. आजवर ते नोएमीने सांभाळलं, खाली शहरात, देसाम्पारादोसला. पण गेल्या पावसाळ्यात त्याच्या छातीत शिट्टी वाजायला लागली आणि पणजी एदुविहेसने वरून हुकूम सोडला, की पोराला डोंगरावर पाठवा, इथली हवा चांगली. नाताळापासून तो इथेच होता. फेब्रुवारीत बालवाडी सुरू व्हायची. खालची की वरची, हे आज जेवणानंतर ठरणार होतं. एदुविहेसने वरची ठरवूनच टाकली होती, फक्त चार माणसांत म्हणून दाखवायचं बाकी होतं.

नोएमीच्या बाजूने बोलणारं त्या घरात कुणी नव्हतं, आणि त्याला कारण होतं. याच घरात, याच सुट्टीत, अठरा वर्षांपूर्वी तिचा नऊ वर्षांचा हाइरो दम्याने गेला. पहाटे धाप लागली, पिशवीत पंप नव्हता, जीप खाली पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आईने पंप भरलाच नव्हता, असं एदुविहेसने मर्तिकाला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. नोएमीला आठवत होतं, की भरला होता, मोज्याच्या जोडीत खुपसून. पण एकच गोष्ट अठरा वर्षं सगळ्यांच्या तोंडून ऐकली, की आपली आठवणही हळूहळू फितूर होते. हल्ली तिलाही वाटायचं, विसरलेच असेन मी. आणि दमा तरी कुणाचा? तोही तिचाच. ती ग्वानाकास्तेच्या मैदानातली, या डोंगरात बाहेरून आलेली. सासरच्या सोलानोंची छाती स्वच्छ, एदुविहेसच्या माहेरच्या ब्रेनेसांची त्याहून स्वच्छ. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी म्हातारी कॉफीची टोपली कमरेला बांधून चढण चढायची आणि वर पोचल्यावर, मागे दम खात थांबलेल्या सुनेकडे वळून बघायची. बोलायची नाही. बघणं पुरायचं.

यॉर्लेनीही आजीच्याच बाजूची. भाऊ गेला तेव्हा ती सहा वर्षांची होती. कुणाला तरी दोषी धरल्याशिवाय तिला झोप लागत नसावी, आणि जवळ आईच होती.

विद्यापीठाची डॉक्टरीण सकाळीच आली. उरेन्या तिचं नाव. चढण चढून आल्यावर आधी कॉफी मागून घेणारी बाई, त्यामुळे घराला लगेच आवडली. या दरीतली माणसं मूठभर घराण्यांतून वाढलेली, सोयरिकी एकमेकांतच, आणि दमेकरी मात्र जिकडेतिकडे. तेव्हा रक्तातून नक्की काय उतरतं ते तिला शोधायचं होतं. चार पिढ्या एका छपराखाली सापडतील असा दिवस प्रार्थनेचाच, म्हणून तिने आजचा मागून घेतला होता. दारासमोरच्या देखाव्याकडे तिने बराच वेळ पाहिलं. अर्धी खोली व्यापून ओलं शेवाळ, सरूच्या फांद्या, रंगवलेला लाकडाचा भुसा, त्यात मेंढरं आणि मेंढपाळ. फार सुंदर आहे, ती म्हणाली, आणि खुर्ची तिथून लांब ओढून बसली.

घरात कुणाला दमा, ॲलर्जी वगैरे, असं तिने विचारलं. कुणाला नाही, असं एदुविहेसने सगळ्यांच्या वतीने सांगितलं आणि त्याच क्षणी तिची लेक ग्रेत्तेल लागोपाठ शिंकली.

"हिला?" डॉक्टरीण म्हणाली.

"सर्दी आहे," ग्रेत्तेल नाक पुसत म्हणाली.

"कधीपासून?"

"शाळेत असल्यापासून."

सगळे हसले. नोएमीचा नवरा ओल्देमारही हसला, तेव्हा डॉक्टरणीने त्याचे हात पुढे करायला लावले आणि कोपरांच्या वळणात जाड, खाजवून काळी पडलेली कातडी बघितली. हे साबणाने होतं, असं त्याने सांगितलं. तिने मान डोलावून लिहून घेतलं. कातडी, नाक आणि छाती ही एकाच घरातली भावंडं आहेत, असं ती लिहिता लिहिता म्हणाली, पण ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

रक्त घेऊन झालं. मग तिने छोट्या बाटल्या काढल्या. हातावर ओळीने थेंब ठेवायचे, प्रत्येक थेंबातून सुई टेकवायची. एक थेंब अंथरुणाच्या धुळीतल्या किड्याचा, एक झुरळाचा, एक मांजराचा, एक बुरशीचा. ज्याचं वावडं असेल तिथे गांध उठेल. शेवटचा थेंब मात्र असा, की तिथे प्रत्येकाच्याच हातावर उठायला हवी. ती उठली म्हणजे चाचणी नीट झाली.

"माझ्यापासून सुरू करा," एदुविहेस बाही सारत म्हणाली. "स्वच्छ हात कसा दिसतो ते तरी कळू दे लोकांना."

लोकांना म्हणजे कुणाला, हे सगळ्यांना कळलं. तिच्यानंतर डॉक्टरणीने नोएमीला बसवलं. सासू-सून टेबलावर हात पसरून समोरासमोर बसल्या. गेल्या कित्येक वर्षांत एवढ्या जवळ त्या बसल्या नव्हत्या. खाज आली तरी खाजवायचं नाही, असं डॉक्टरणीने बजावलं होतं. नोएमी आपल्या हाताकडे बघत होती. तिची तयारी झालेली होती. आता सगळ्यांसमोर उठणार, आणि पोर वर राहणार.

शेवटच्या थेंबाखाली बारीकशी गांध उठली. बाकी हात तसाच. तिने वाट पाहिली. मग ग्रेत्तेलचा चमत्कारिक आवाज आला.

"आई, तुमचा हात."

एदुविहेसच्या हातावर धुळीच्या किड्याखाली फिकट, फुगीर गांध आली होती, नाण्याएवढी, कडेने लाल. झुरळाखालची तिला येऊन मिळत होती. बुरशीची वेगळी. मांजराची सगळ्यांत मोठी. म्हातारीने हात उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. दुसऱ्या कुणाचा तरी हात चुकून आपल्याला जोडला गेलाय, असा तिचा चेहरा झाला.

सगळे टेबलाभोवती वाकले. आधी त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं, मग नोएमीच्या, मग परत तिच्या. नोएमीला हसू फुटेल असं वाटलं, आणि त्याची तिला स्वतःचीच भीती वाटली. अठरा वर्षं.

"औषध खराब आहे," एदुविहेस म्हणाली.

"औषध एकच आहे, दोन्या. दोघींना तेच," डॉक्टरीण शांतपणे म्हणाली.

ओल्देमार आईच्या हातावरून नजर काढेना. त्याने लग्न झाल्यापासून या दोघींत मधे पडायचं टाळलं होतं, आणि न पडणं म्हणजे एकीच्या बाजूने पडणंच हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. नोएमीचा आवाज तिलाच परका वाटला.

"डॉक्टर, म्हणजे माझ्या मुलाला ते माझ्याकडून नव्हतं गेलं?"

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. घरातलं काहीतरी आपल्या पायाखाली आलंय, हे तिला कळलं होतं.

"तसं मी सांगू शकत नाही," ती म्हणाली. "हात सपाट निघाला म्हणून तुमच्याकडून काहीच गेलं नाही असं नसतं. आणि यांचा उठला म्हणून यांनीच दिलं असंही नसतं. चार बायका एका भांड्यात चिमूटचिमूट मीठ टाकतात, आणि खारट झालं की कुणाच्या चिमटीने झालं म्हणून भांडतात. असं आहे हे. आईकडून थोडं, बापाकडून थोडं, त्यांच्या आईबापांकडून थोडं. एका भावाच्या वाट्याला जास्त येतं, दुसऱ्याच्या कमी. आणि जन्मतः येतो तो दमा नाही, दमा होण्याची तयारी. पुढचं काम धूळ, ओल, सर्दी करते. कुणाचं लहानपणी उफाळून मोठेपणी निवतं. पण अंगातली तयारी जात नाही."

हे नोएमीला हवं होतं त्याहून कमी होतं, आणि तरीही तिला कधी मिळालं नव्हतं एवढं होतं. ती मान खाली घालून बसली. गोष्ट इथे थांबली असती तर बरं झालं असतं असं तिला पुढे अनेकदा वाटलं, आणि दरवेळी वाटून झाल्यावर ते खोटं आहे हेही कळलं.

खिडकीपाशी एदुविहेसचा थोरला भाऊ बेलिसारियो तमालवरची केळीची पानं सोलत बसला होता. वय ब्याऐंशी. बोलला कमी आणि जेवला जास्त, अशी त्याची ख्याती.

"यात एवढं दचकण्यासारखं काय?" तो म्हणाला. "एदूची छाती लहानपणी खुराड्यासारखी वाजायची. रात्र रात्र आई तिला मांडीवर उभी धरायची."

"बेलिसारियो, गप बस."

"आता कशाला गप? झाडात जाऊन सत्तर वर्षं झाली त्याला."

मग त्याने सांगितलं, घास घेत घेत, गावातल्या एखाद्या जुन्या बाजाराची गोष्ट सांगावी तसं. ब्रेनेसांच्या घरात धापेचं पोर निघालं की मागच्या पोरोच्या झाडाला टेकवून उभं करायचे. कॉफीवर सावली धरणारी पोरोची झाडं दरवर्षी छाटतात, पण हे एक कधी छाटलं नाही. पोराच्या डोक्याच्या वीतभर वर खोडाला टोच्याने भोक पाडायचं, त्याची कापलेली बट त्यात घालायची, वर मेण. पोर त्या खुणेच्या वर वाढलं, की धाप झाडात राहते. मात्र तोवर तिचं नाव काढायचं नाही आणि औषधाचा थेंब द्यायचा नाही. दिला तर झाड सगळं परत करतं. एदू दहाव्या वर्षी खुणेच्या वर गेली, आणि पुन्हा कधी खोकली नाही.

"मी खोटं बोलले नाही," एदुविहेस म्हणाली. तिचा हात अजून टेबलावर तसाच होता. "मला ते नाहीच. ते झाडात आहे. विचारणाऱ्याने विचारलं, की तुमच्यात काही आहे का. माझ्यात नव्हतं."

आणि ती खरंच खोटं बोलत नव्हती. हेच सगळ्यांत भयंकर होतं. तिचं रक्त तिने सातव्या वर्षी धुऊन झाडाला दिलं होतं. त्यानंतर मुलांत, नातवांत जे निघेल ते दुसऱ्या कुणाचं असणार, हा तिचा हिशेब सत्तर वर्षं जुना आणि तिच्यापुरता अगदी सरळ होता.

बाकीचे म्हातारीकडे बघत होते. नोएमी मात्र बेलिसारियोमामांच्या एकाच वाक्यापाशी थांबली होती. औषधाचा थेंब द्यायचा नाही. तिला विचारायचं नव्हतं. तिने विचारलं.

"दोन्या एदुविहेस, हाइरोलाही टेकवलं होतं का तुम्ही झाडाला?"

म्हातारीने नजर चुकवली नाही. तेवढं तिचं मानायला हवं.

"बोटभर उरला होता," ती म्हणाली. "त्या सुट्टीत नाहीतर पुढच्या सुट्टीत वर गेला असता. सुटला असता."

"आणि पंप?"

"पंप चालत नाही त्यात."

"पंप मी भरला होता."

"मोज्यात होता," एदुविहेस म्हणाली. "मी काढला. नंतर चुलीत घातला."

ओल्देमारची खुर्ची मागे पडली. ग्रेत्तेलने दोन्ही हात तोंडावर ठेवले. नोएमी जागची हलली नाही. ओरडायला हवं, हे तिला कळत होतं. पण आवाज जिथून येतो तिथे आत काहीच नव्हतं. भरला होता. मी भरला होता. आपण वेड्या नव्हतो, विसरभोळ्या नव्हतो, आपण पोराचा पंप मोज्याच्या जोडीत नीट भरला होता. हे कळल्याचा आनंद अंगातून असा गेला, की तिला स्वतःची शिसारी आली, कारण त्याच्या मागोमाग दुसरं आलं. तो मागत असेल. नऊ वर्षांचं पोर, त्याला माहीत होतं पंप कुठे ठेवलाय. त्याने पिशवी उघडून मोजे उलटे केले असतील.

"तू खाली त्याला लपूनछपून देत होतीस," एदुविहेस म्हणत होती, आणि आता तिचा आवाज चढला होता. "मी इथे बंद करायचे, तू खाली चालू करायचीस. म्हणून झाडाने परत केलं. मी कुणाला बोलले नाही ते. बोलायचं नसतं. पण तूच केलंस ते, नोएमी. मी नाही."

तेव्हा यॉर्लेनी बोलली. सकाळपासून ती आजीच्या खुर्चीमागे उभी होती. आता ती खुर्चीपासून एक पाऊल बाजूला झाली.

"आजी, तुम्ही मला फोनवर सांगत होता, तादेओला पंप लागतच नाही म्हणून."

यॉर्लेनी तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"लागत नाही, की दिला नाही?"

"सहा जानेवारीला, राजांच्या सणाला टेकवलंय त्याला," म्हातारी म्हणाली. "महिना नाही झाला. आता मोडायचं नाही."

तादेओ देखाव्यापाशी भुशात बसून मेंढरांची रांग लावत होता. यॉर्लेनीने त्याला उचलून आणलं. डॉक्टरणीने त्याचा शर्ट वर केला, पाठीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकलं. छाती दोन्हीकडून वाजतेय, ती म्हणाली. आत्ता धावाधाव करण्याजोगं नाही, पण पंप आत्ताच हवा, आणि उद्यापासून रोजचा.

पंप नोएमीच्या पर्समध्ये होता. हाइरो गेल्यापासून तिच्या पर्समध्ये पंप नाही असा दिवस गेला नव्हता, घरात दमेकरी कुणी उरलं नव्हतं तेव्हासुद्धा. तिने तो काढला, नाकातोंडावर बसणारा प्लास्टिकचा डबा त्याला जोडला. तोवर एदुविहेस उठली होती. एवढी चपळाई तिच्यात कुठून आली कोण जाणे. तिने पोराला आईच्या हातातून ओढून घेतलं, पुन्हा खुर्चीत बसून मांडीवर घट्ट धरलं आणि सुजलेला हात त्याच्या तोंडासमोर आडवा धरला.

"देऊ नका," ती म्हणाली. "पाया पडते. हाही जाईल."

ती रडत होती. या घरात तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं, नवरा गेला तेव्हाही नाही. ओल्देमार पोराला सोडवायला पुढे झाला, आणि नोएमीने त्याला हाताने अडवलं. का अडवलं, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं. दया नव्हती ती. हे म्हातारीच्या पाठीमागे झालं, तर उद्या तिची गोष्ट पुन्हा तशीच उभी राहील, एवढंच तिला दिसत होतं. ती खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली आणि पंप सासूपुढे धरला.

"राहू दे त्याला तुमच्याच मांडीवर," ती म्हणाली. "तुम्ही द्या."

"मी नाही."

"तुमच्या हातानेच द्या. नाहीतर मी त्याला आत्ता खाली घेऊन जाते, आणि तुम्हाला तो पुन्हा दिसणार नाही."

यॉर्लेनी आईच्या शेजारी येऊन उभी राहिली. ग्रेत्तेलही आली. एदुविहेसने एकेकाकडे पाहिलं. आपल्या बाजूला कुणी नाही, हे तिला त्या घरात पहिल्यांदाच पाहावं लागत होतं. कोंडी फुटली ती तादेओमुळे. त्याने पणजीचा हात खाली केला, डबा आपल्या नाकातोंडावर ओढला आणि आतून घुमणाऱ्या आवाजात सांगितलं, की वरून दाब, मी ओढतो, घाबरू नको, ते फक्त थंड लागतं.

म्हातारीने डोळे मिटले, ओठांत काहीतरी पुटपुटली आणि दाबलं. डॉक्टरणीने सांगितलं तसं थांबून पुन्हा दाबलं. मग ती पोराला घट्ट आवळून बसून राहिली, काहीतरी कोसळेल याची वाट बघत. तिच्या हाताच्या शिरा ताठ झाल्या होत्या. हातावर उठलेल्या गांधी लालबुंद झाल्या होत्या आणि खाजत असणारच, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. दारातून शेजारच्या दोन बायका प्रार्थनेसाठी जपमाळा घेऊन आल्या, आतली माणसं बघून तिथेच थबकल्या. बेलिसारियोने त्यांना हाताने बसा म्हणून सांगितलं.

काही कोसळलं नाही. तादेओला मांडीवर कंटाळा आला. त्याने विचारलं, मी जाऊ का, माझ्या मेंढ्या उभ्या आहेत.

एदुविहेसने त्याला सोडलं नाही. तिने त्याला वळवलं, शर्ट वर केला आणि पाठीला कान लावला, जसा तिच्या आईने कधीतरी तिच्या पाठीला लावला असेल. ती ऐकत राहिली. तिने कान उजवीकडून डावीकडे नेला, पुन्हा उजवीकडे आणला. तिचा चेहरा नोएमीकडे होता, गाल पोराच्या पाठीवर टेकलेला, आणि त्या चेहऱ्यावरून नोएमीला कळलं, की शिट्टी थांबली आहे.

तादेओ सुटून पळाला. म्हातारी तशीच वाकलेली राहिली.

"एवढंच?" ती म्हणाली.

तिने मान वर करून सुनेकडे पाहिलं.

"नोएमी, त्या पहाटे. एवढंच करायचं होतं?"

या बाईला सुनवायचे शब्द नोएमीने अठरा वर्षं साठवले होते, भांडी घासताना, बसमध्ये, कबरीवर फुलं ठेवताना. त्यातला एकही आता लागला नाही.

"हो," ती म्हणाली. "एवढंच."